घोंगडीनं धरलेली जागा

मुक्काम विंटरथुर, स्वित्झर्लंड
ऑक्टोबर १९३२

तीर्थस्वरूप आबामामांच्या पायांवर (पाय चार हजार मैल लांब असल्यामुळं, खिडकीत उभं राहून दुधनीची दिशा अंदाजानं धरून) बिरदेवचं डोकं. मी इथं खुशाल आहे. तुमची, केरामामींची आणि मेंढरांची खुशाली कळवावी. गुडघा काय म्हणतो? त्याला रोज रात्री करंजाचं तेल लावता, की मामींनी लावायला घेतलं की 'मला काय झालंय' म्हणून उठून जाता? इथं गुडघ्यांचे मोठमोठे डॉक्टर आहेत म्हणतात, पण रोग्यानं एका जागी बसलं पाहिजे अशी त्यांची अट असते, म्हणून मी तुमच्याबद्दल विचारलं नाही.

(हे पत्र जे कोणी वाचून दाखवत आहेत त्यांनी सावकाश वाचावं, मधली वाक्यं गाळू नयेत, आणि पुढं काहीही आलं तरी आवाज बदलू नये. मामा, तुम्हीही उभ्यानं ऐकू नका. पत्र लांब आहे.)

तुमचं मागचं पत्र पोचलं. ते शाळेच्या मास्तरांच्या हातचं असल्यामुळं तुमच्या तोंडी 'विश्वासघात', 'वज्राघात' आणि 'किंकर्तव्यमूढ' असे शब्द आले होते. तुम्हाला किंकर्तव्यमूढ झालेलं मी जन्मात पाहिलेलं नाही. पण शब्दांची झाडंझुडपं बाजूला सारून आत गेलो तेव्हा मजकूर कळला, आणि जीव खालीवर झाला. तुमची घोंगडी आषाढापासून नाहीशी झाली आहे. तुम्ही बार्शीच्या बाजारावरून परत आलात तर ती खुंटीवर नव्हती. म्हणजे आदल्या दुपारी ती रुद्रप्पा काकांच्या दुकानाच्या कट्ट्यावर राहिली आणि काकांनी ती दाबली, असा तुमचा निकाल. तेव्हापासून दोघांचा अबोला. चाळीस वर्षं रोज दुपारी त्या कट्ट्यावर घोंगडी अंथरून तुम्ही दोघं सोंगट्या खेळलात, आणि आता म्हणे तुम्ही विहिरीला जाताना काकांचं दुकान लागू नये म्हणून मारुतीच्या मागून वळसा घालता, त्या गुडघ्यानिशी. मामा, हे वाचून मला अन्न गोड लागेना. (अन्न मुळातच इथं गोड लागत नाही, पण त्या दिवशी जास्तच.) घोंगडी काकांकडं सापडायची नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. इतक्या खात्रीनं कसं सांगतो ते पुढं येईल. मास्तरांची टेंभुर्णीला बदली झाल्याचंही त्याच पत्रात होतं; मुलांचं काय होईल ते होवो, मराठी भाषा थोडी विश्रांती घेईल.

आता इकडची हकिकत. नवे माग जोडायचं काम शिकायला मिलनं मला चार महिन्यांसाठी धाडलं आहे, आणि तुम्ही मात्र गावात 'आमचा बिऱ्या लाटसाहेबाच्या गावाला गेलाय' असं सांगत सुटला आहात. मामा, लाटसाहेब इथले नव्हेत. या देशाला राजाच नाही. समुद्रही नाही. तरी सगळी माणसं कुणीतरी वरून बघतंय अशी वागतात. मी ज्यांच्या घरी राहतो त्या फ्राउ हुबर नावाच्या विधवा बाई आहेत. त्यांना जगात दोनच गोष्टींचा राग: एक धूळ, आणि दुसरी म्हणजे त्यांच्याआधी दुसऱ्या कुणी पुसलेली धूळ. मामींनी डबा भरून दिलेल्या कडक भाकऱ्या मी आल्या दिवशी टेबलावर काढून ठेवल्या होत्या. बाईंनी त्या बशा समजून धुतल्या, पुसल्या आणि फळीवर रांगेत उभ्या केल्या. संध्याकाळी त्यातली एक मऊ पडून वाकली तेव्हा त्यांना संशय आला. मी त्यांच्यासमोर एक मोडून खाल्ली. त्या दिवसापासून त्या आपल्या बशा मोजून ठेवतात.

याच बाईंनी मागच्या महिन्यात एका रविवारी मला लुसर्नला जा म्हणून सांगितलं. लुसर्न म्हणजे तळ्याकाठचं गाव, भोवती बर्फाचे डोंगर, सकाळी रेल्वेनं जायचं आणि संध्याकाळी परत. मी कोट चढवला, फडक्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधली, आणि थंडी असल्यामुळं खांद्यावर घोंगडी टाकली. (होती एक. कुठली, ते नंतर.) कोट आणि घोंगडी असा पोशाख पाहून बाई दारात थबकल्या, पण माझ्या अंगावर धूळ नव्हती म्हणून त्यांना काही बोलता येईना.

स्टेशनात माझी पहिली फजिती झाली. गाडीत जागा कशी धरायची ही विद्या मला रुद्रप्पा काकांनी लहानपणी दिली. (काकांचं नाव आलं म्हणून तोंड वाकडं करू नका, विद्या ती विद्या.) काका म्हणायचे, "जागा मागून मिळत न्हाय बिऱ्या, धरावी लागती." गाडी थांबायच्या आत खिडकीतून काहीतरी आत गेलं पाहिजे: उपरणं, टोपी, पिशवी, नाहीतर घरातलं सगळ्यात हलकं मूल. ते जिथं पडलं ती जागा आपली. मग भले कलेक्टर येऊन उभा राहो. सोलापूर स्टेशनात मद्रास मेल आली की निम्मं सामान माणसांच्या आधी प्रवासाला लागतं, ते ह्याच न्यायानं. तर मी इथं दंड सरसावून उभा राहिलो. गाडी आली. लोक एकामागं एक उभे. एक म्हणतो तुम्ही आधी, दुसरा म्हणतो छे, तुम्ही आधी. मागून रेटा येईल आणि आपण आपोआप आत जाऊ म्हणून मी वाट बघत राहिलो. जन्मात मी स्वतःच्या पायांनी गाडीत चढलेलो नाही, गर्दीनंच चढवलं आहे. रेटा आला नाही. गाडी गेली. फलाटावर मी एकटा, आणि मला कुणी ढकललं नाही याचं दुःख कुणाला सांगावं ते कळेना.

दुसऱ्या गाडीत चढलो. ती विजेवर चालते. धूर नाही, डोळ्यांत कोळशाचा कण नाही, प्रवास केल्यासारखं वाटतच नाही. समोर तिघंजण बसले होते. कुठले, कुणाचे, काय करता, लग्न झालं का, एक अक्षर विचारलं नाही. लुसर्न येईपर्यंत चार माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि कुणाला कुणाचं गाव कळलं नाही. अशानं ह्या लोकांच्या सोयरिकी जुळतात तरी कशा, देव जाणे.

लुसर्नचं वर्णन लिहून धाड, वार्षिक अंकात छापू, असं आमच्या मिलच्या हेडक्लार्कनी बजावलं होतं. प्रवासाची वर्णनं लिहिणारे लोक आधी 'अवर्णनीय' असं लिहितात आणि मग त्याच गोष्टीचं सात पानं वर्णन करतात. मी थोडक्यात सांगतो. पाणी निळं, डोंगर पांढरे, कॉफी कडू. तळं सिद्धेश्वराच्या तळ्यापेक्षा पुष्कळ मोठं आहे, पण मध्ये देऊळ नाही, त्यामुळं एवढं पाणी कशासाठी साठवलं ते कळत नाही. पलीकडच्या उतारावर मेंढरं होती. लोकर दाट, पण पायांत दम नाही. आपल्या माळावर चैत्रात दोन दिवस टिकायची नाहीत. (हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर एकेक मेंढरू असं होतं की तुम्ही तिथंच बसून राहिला असता.)

दुपारी तळ्याकाठच्या हिरवळीवर घोंगडी अंथरली, मांडी घातली आणि भाकरी सोडली. तेवढ्यात एक इंग्रज बाई चित्र काढायचं सामान घेऊन आल्या आणि माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. मग हळूच विचारतात, आपण संसार सोडला आहे का? मी म्हणालो, नाही, विणखात्यातून चार महिन्यांसाठी आलोय. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. मी काही बोललो की त्यांना त्याचा खोल अर्थ लागे. हे वस्त्र कशाचं, विचारलं, मेंढराचं, सांगितलं, तर 'देवाचं कोकरू! देवाचं कोकरू!' म्हणून त्यांनी हात जोडले. शेवटी माझ्या पुढ्यातलं काहीतरी प्रसाद म्हणून मागितलं. मी नको नको म्हणत होतो, पण पाहुण्याला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. चिमूटभर शेंगाचटणी दिली. मामा, मामींच्या हातची चटणी ती! बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, चेहरा लालबुंद झाला, आणि बोलता यायला लागल्यावर त्या म्हणाल्या की माझ्या आत आज काहीतरी मोकळं झालं. मी म्हणालो, होतं तसं. त्यांनी लगेच तीन मैत्रिणींना हाका मारल्या. मामींना सांगा, तुमची निम्मी चटणी मोक्षापायी संपली.

ही रांग पाहून पोलीस आला. त्यानं पाटी दाखवली: गवतावर बसायला मनाई. मी म्हणालो, मी गवतावर बसलेलो नाही, घोंगडीवर बसलो आहे. आपल्यात पंच बसतात ते काय जमिनीवर बसतात? घोंगडी पडली की ती जागा घोंगडीची. पोलिसानं खिशातून नियमांचं पुस्तक काढलं आणि पुष्कळ चाळलं. आपल्याकडचा असता तर त्यानं आधी माझी भाकरी तळ्यात भिरकावली असती. हा बिचारा घाम पुसत म्हणाला, घोंगडीबद्दल काही लिहिलेलं नाही, पण तिच्याखालचं गवत नगरपालिकेचं आहे आणि त्याला ऊन मिळत नाहीय. गवताची बाजू मला मान्य झाली. उठलो.

आता खरी हकिकत. (वाचणाऱ्यांनी इथं घोटभर पाणी प्यावं.) संध्याकाळी स्टेशनात आलो तर फलाटावर ही गर्दी! रविवारचे सगळे फिरायला आलेले लोक, काठ्या, पिशव्या, पोरं. सकाळपासून निजलेलं माझ्यातलं सोलापूर एकदम उठून बसलं. समोर गाडी उभी, खिडकी उघडी, आत एक कोपरा रिकामा. मी पाटी वाचली नाही, कुणाला विचारलं नाही. घोंगडीची घडी केली, दोन पावलं मागं गेलो आणि काकांचं नाव घेऊन फेकली. अशी पडली म्हणता! बाकावर आपोआप पसरली, जशी कुणी हातानं अंथरावी. आतल्या एका गृहस्थानं टोपी काढून तिला नमस्कार केला. मी छाती काढून दाराकडं निघालो, आणि गाडी सुटली. इथं गाड्या घड्याळाच्या काट्यावर सुटतात हा त्यांच्यातला मोठा दोष आहे. मी धावलो, हात केले, 'अहो घोंगडी! घोंगडी!' म्हणून मराठीत ओरडलो. खिडकीतल्या जागेवर घोंगडी ऐसपैस बसून निघून गेली, आणि कुणी तिला सरक म्हणालं नाही. मग एका हमालानं हातवारे करून समजावलं की माझी गाडी पलीकडच्या फलाटावर आहे, आणि ही गेली ती डोंगराच्या पोटातल्या नऊ मैलांच्या बोगद्यातून थेट इटलीच्या हद्दीवर जाते.

तिथंच बाकावर बसलो. मामा, मी सव्वीस वर्षांचा माणूस, मागाचं कुठलंही चाक डोळे मिटून बसवतो, पण त्या वेळी मला रडू आलं. लपवत नाही.

हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत एक म्हातारा कारकून होता. त्याला इंग्रजी येत होतं. त्यानं छापील कागद पुढं केला. वस्तूचं नाव: घोंगडी. रंग: काळा, कडेला पांढरा पट्टा. मग रकाना आला, उपयोग. मी लिहायला लागलो. अंथरायला, पांघरायला. पावसात खोळ करून डोक्यावर घ्यायला. कोकरू गुंडाळून आणायला. पंच बसवायला. देवापुढं भंडारा उधळताना खाली घालायला. नवरानवरी बसवायला. सोंगट्या खेळायला. पोरक्या भाच्याला ताप आला की त्याला आत घेऊन रात्रभर बसायला. रकाना भरला तेव्हा कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं. कारकुनानं ते सगळं वाचलं, चष्मा पुसला, आणि मला म्हणाला, साहेब, ह्या रकान्यात लोक एक शब्द लिहितात. पण असू द्या.

तिसऱ्या दिवशी घोंगडी परत आली. हद्दीवरच्या स्टेशनातून, तपकिरी कागदात, दोरीला लाखेचा शिक्का मारून. मी कारखान्यात होतो. पुडकं फ्राउ हुबर बाईंनी घेतलं, उघडलं, आणि परदेशात जाऊन आलेली वस्तू म्हणून साबण लावून तीन पाण्यांनी धुऊन वाळत घातली. संध्याकाळी आलो तर बाई आनंदानं दाखवतात: बघा, कसलाही वास राहिला नाही! खरंच राहिला नव्हता. मेंढरांचा नाही, तंबाखूचा नाही, करंजाच्या तेलाचा नाही. मी बाईंचे आभार मानले. घोंगडी आली मामा, पण तिच्यातून तुम्ही गेलात.

असो. कागद संपत आला. मामींना दंडवत, खुशालीचं पत्र यावं, चूकभूल पोटात घालावी, आणि ही माझी शेवटची विनंती ध्यानात ठेवून पुढचा मजकूर ऐकावा.

तुमचा
बिरदेव

ता. क. — चूकभूल पोटात घाला असं वर लिहिलं ती चूक ही की, ती घोंगडी तुमचीच. आषाढात मीच खुंटीवरून काढली. निघायच्या आधी तुम्ही मला म्हणाला होता, "मिलचं ब्लँकेट घे की. घोंगडं घिऊन गेलास तर तितली लोकं इचारतील, मेंढरं कुटं हायती?" आणि निघायच्या दिवशी, एकही मेंढरू विकायचं नसताना, बाजाराचं निमित्त काढून तुम्ही पहाटेच बार्शीला निघून गेलात, निरोप द्यावा लागू नये म्हणून. मला ते कळलं होतं. मामी विहिरीवर गेल्या होत्या. रिकाम्या घरात ती खुंटीवर दिसली आणि तिच्याशिवाय मला परमुलखात झोप लागायची नाही असं वाटलं. घेतली. विचारलं असतं तर तुम्ही दिलीच असती, म्हणून विचारलं नाही. तुम्ही काय पांघरणार, हे गाडी सुटल्यावर सुचलं. राग आला असेल तर काठी उचला, पण मी चार हजार मैलांवर आहे, आणि काठीच्या टप्प्यात सध्या फक्त वाचणारे आहेत. त्यांना मारू नका.

दुसरा ता. क. — त्यांना मारू नका याचं कारण असं. निघायच्या दिवशी दुधनी स्टेशनात मला पोचवायला रुद्रप्पा काका आले होते. गाडी आली तशी ते म्हणाले, "दे काय तरी, जागा धरतो." माझ्या हाताशी वळकटी होती, घाईत तिच्यातून घोंगडी निघाली. काकांनी ती हातात घेतली आणि पांढरा पट्टा बघितला. मग माझ्याकडं बघितलं. खिडकीतून फेकली आणि माझी जागा धरली. म्हणजे मामा, पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. तुम्ही चारचौघांत त्यांना चोर म्हणालात तेव्हाही ठाऊक होतं. मी गेल्या महिन्यात घाबरून त्यांना लिहिलं, तर उत्तर आलं: "मामाला सांगू नगंस. त्येचा राग माज्यावर निघतोय तर निघू दे की. पोरगं लांब हाय, त्येच्यावर नगं. थंडी लई हाय का तितं?" खाली जगदेवी काकूंनी सांगून लिहवून घेतलेली एक ओळ होती. काकांनी ती नाइलाजानं लिहिली असावी, अक्षर फार वाकडं होतं: "तुज्या मामाच्या जागंवर हे कुणालाच बसू देत न्हाईत. रोज दुपारी कट्ट्यावर आपलं उपरणं टाकून ठेवत्यात." (वाचणाऱ्यांनी ही ओळ गाळली असेल तर मामा, त्यांना ती पुन्हा वाचायला लावा.)

शेवटचा ता. क. — रुद्रप्पा काका, शरणु शरणार्थी. 'हे पत्र रुद्रप्पांनीच वाचून दाखवावे, दुसऱ्याच्या हाती देऊ नये' असं पाकिटावर ठळक लिहून मी ते तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर धाडलं, याची क्षमा असावी. मास्तर गेले, आणि मामांच्या ओळखीत मराठी वाचणारे आता तुम्ही एकटेच उरलात. अर्धा तास झाला, तुम्ही मामांशी बोलताय. मधूनमधून त्यांनी मला शिव्या दिल्या असतील, त्याही तुमच्याच तोंडाकडं बघून. तेव्हा अबोला आता मोडल्यातच जमा आहे. उभ्यानं ऐकू नका असं मी वर सांगूनही मामा गुडघा धरून तुमच्या कट्ट्याच्या पायरीवर उभेच असतील. मी त्यांना ओळखतो. काका, पत्र खाली ठेवा आणि ते उपरणं उचला.